पुढचं दार, मागचं दार

आमच्या खडवलीच्या बचत गटाची सहल यंदा गोव्याला गेली होती. दरवर्षी आपलं टिटवाळ्याचा गणपती, नाहीतर वज्रेश्वरी, फार तर शिर्डी. या वेळी मात्र सगळ्यांनी ठरवलं, की समुद्र आणि देवळं झालीच पाहिजेत, पण एखादं जुनं मोठं घरही बघायचं. टीव्हीवर सिनेमात दिसतं तसं. म्हणून मडगावला उतरल्यावर तिथून बारा-तेरा किलोमीटरवरच्या चांदर गावी गेलो आणि ब्रागांझा घराण्याचं घर बघितलं.

घर कसलं, रस्त्याच्या कडेला पसरलेली खिडक्यांची एक लांबच लांब ओळच. आत शिरलं की झुंबरं, चिनी मातीची भांडी, कोरीव खुर्च्या, नाचायचा दिवाणखाना आणि हजारो पुस्तकांचा संग्रह. आमच्यातल्या काही जणी तर चपला काढूनच चालत होत्या, फरशीला डाग पडेल म्हणून. आणि या सगळ्या गडबडीत आमच्या गटातल्या एक मावशी, गावाबाहेरच्या आदिवासी वाडीवर राहणाऱ्या, झुंबराखाली मान वर करून उभ्या राहिल्या. बराच वेळ बघत होत्या. मग मला हळूच म्हणाल्या, "ताई, ह्या हंड्या पुसाया किती मानसं लागत असतील वो? आन् त्यांची नावं हायेत का कुठं?"

मी इकडेतिकडे बघितलं. भिंतीवर घरातल्या पूर्वजांची चित्रं होती. कोणती वस्तू कोणत्या देशातून आली, याची माहिती मिळत होती. मावशींनी विचारलेली नावं मला कुठे दिसली नाहीत. मी म्हटलं, "नसतील मावशी." त्या म्हणाल्या, "नसनारच."

त्या "नसनारच"ने माझी परतीच्या गाडीतली झोप उडवली. आज त्याबद्दलच लिहायचं आहे.

आधी त्या घराविषयी थोडं सांगते, कारण एका वाक्यात मोडीत काढावं असं ते घर नाही. चांदर म्हणजे जुनं चंद्रपूर. भोज आणि कदंब राजांच्या काळात ही गोव्याची राजधानी होती. पोर्तुगीज राजवटीत धर्मांतर केलेल्या मोठ्या घराण्यांपैकी एकाचं हे घर. पुढे घराण्याच्या दोन शाखा झाल्या आणि घराचेही दोन भाग झाले. एकीकडे मिनेझिस ब्रागांझा, दुसरीकडे ब्रागांझा परेरा. आजही एकाच दर्शनी भिंतीमागे दोन घरं आहेत. आपल्याकडे भावाभावांत वाटणी झाली की मधे भिंत येते, तसंच.

याच घराण्यातले लुईस द मिनेझिस ब्रागांझा. जन्म १८७८ चा. पेशाने पत्रकार. पोर्तुगीज सरकारच्या विरोधात त्यांनी निर्भीडपणे लिहिलं. १९३० साली गोव्याच्या विधिमंडळात उभं राहून, गोव्याच्या लोकांना आपलं भवितव्य ठरवायचा हक्क आहे, असा ठराव त्यांनी मांडला. १९३८ मध्ये ते वारले. त्यांची कन्या बर्टा यांनीही स्वातंत्र्यलढ्यात उडी घेतली. या सगळ्याची किंमत घराने मोजली. १९५० च्या सुमाराला कुटुंबाला घर सोडून जावं लागलं आणि गोवा मुक्त झाल्यावरच परत येता आलं. पणजीतली 'इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझा' ही संस्था त्यांच्याच नावाने आहे. नंतरच्या काळात घराचा एक भाग कितीतरी वर्षं घरातल्या एका वयोवृद्ध बाईंनी सांभाळला. एवढं घर, गळकी कौलं, वाळवी आणि हाताशी पाहुणे देतील ती देणगी. घर सांभाळणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

म्हणजे या घरात विद्या होती, देशप्रेम होतं, त्याग होता. हे सगळं खरं. पण हे वैभव आलं कुठून, हेही तितकंच खरं. ते आलं जमिनीतून. भातशेती, नारळाची भाटं, पोफळीची कुळागरं. गोव्यात अशा जमीनमालकाला भाटकार म्हणतात आणि त्याच्या जमिनीवर झोपडं बांधून राहणाऱ्याला मुंडकार. मुंडकाराने भाटाची राखण करायची, नारळ गोळा करायचे, बोलावलं की कामाला जायचं. त्याच्या बायकोने भाटकाराच्या घरी सणासुदीला, लग्नकार्याला राबायचं. घराच्या भिंती त्याने स्वतः लिंपलेल्या, पण पायाखालची जमीन भाटकाराची. मर्जी फिरली, की चूलबोळकं उचलून चालतं व्हायचं. मुंडकाराच्या घरातल्या बाईला आपल्या दारात तुळस लावतानासुद्धा पुढच्या वर्षी इथेच असू की नाही, याची खात्री नसायची.

ही खात्री दिली ती कायद्याने. आणि मैत्रिणींनो, हे वाचून तुम्हाला बरं वाटेल, की तो कायदा आला तेव्हा गोव्याच्या मुख्यमंत्री एक बाई होत्या. शशिकला काकोडकर, सगळ्या गोव्याच्या 'ताई'. वडील दयानंद बांदोडकर १९७३ मध्ये गेल्यावर त्या मुख्यमंत्री झाल्या आणि १९७९ पर्यंत त्या पदावर होत्या. त्यांच्या काळात १९७५ मध्ये मुंडकारांना घरातून हुसकावण्याविरुद्ध संरक्षण देणारा कायदा झाला. राहतं घर आणि भोवतालची थोडी जमीन विकत घेण्याचा हक्क मुंडकाराला मिळाला. गावात ही मर्यादा तीनशे चौरस मीटरची. पाठोपाठ १९७६ मध्ये कूळ कायद्यात दुरुस्ती होऊन कसेल त्याची जमीन हे तत्त्व आलं. कायदा झाला म्हणजे सगळ्यांना सगळं मिळालं असं नाही. कोर्टकचेऱ्या पिढ्यान्‌पिढ्या चालल्या. पण "चालता हो" म्हणायचा मालकाचा एकतर्फी अधिकार गेला.

आता तुम्ही म्हणाल, गोव्याचं गोव्यात, आपल्याला त्याचं काय? तर आपल्या दाराशीच येते.

खडवलीहून कल्याणच्या दिशेने लोकलमध्ये बसलं की पहिलंच स्टेशन टिटवाळा. आपण तिथे अंगारकीला रांगा लावतो. पण याच टिटवाळ्यात जानेवारी १९४५ मध्ये महाराष्ट्रातल्या किसान सभेची पहिली परिषद भरली होती, हे आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक आहे? लांब उंबरगाव-डहाणूच्या जंगलपट्टीतून काही वारली बांधव त्या परिषदेला आले होते. ते परत गेले ते वेगळंच काही मनात घेऊन. त्याच वर्षी मे महिन्यात तलासरीजवळच्या झरी गावात वारल्यांची परिषद झाली आणि वेठबिगार करणार नाही, असं हजारो माणसांनी ठरवलं.

वेठ म्हणजे फुकटची मजुरी, हे आपल्याला माहीत असतं. पण 'लग्नगडी' हा शब्द ऐकलाय? वारली तरुणाला लग्नाला पैसे लागायचे. ते सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून घ्यायचे. फेडायला पैसे नाहीत, म्हणून तो मालकाकडे राबायचा. आणि एकटा नाही, लग्न करून आणलेली बायकोही त्याच्याबरोबर राबायची. ज्या लग्नाचं कर्ज, त्या लग्नातली नवरी म्हणजे जणू व्याज. हळद उतरायच्या आत तिच्या हातात मालकाच्या घरचं मुसळ यायचं. पोरं झाली की ती मालकाची गुरं राखायची. कर्ज किती फिटलं हे मालकाच्या वहीत आणि वही वाचता कुणाला येते?

ही माणसं जागी झाली त्यात एका बाईचा मोठा वाटा होता. गोदावरी परुळेकर. पुण्यातल्या सुखवस्तू घरातली मुलगी, कायद्याची पदवीधर, आणि रानात पायी हिंडली, वारल्यांच्या झोपड्यांत राहिली. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा इथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाचजण गेले. तरी माणसं मागे हटली नाहीत. वेठ आणि लग्नगडीची पद्धत मोडली. हा सगळा अनुभव गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात लिहिला. ते १९७० मध्ये आलं आणि १९७२ मध्ये त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. तुमच्या गावच्या वाचनालयात असेल तर जरूर मागा. नसेल तर आणायला सांगा.

तो भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेला. पण त्या वेळी तो आपलाच ठाणे जिल्हा होता. आणि खाली कोकणात उतरलं तर खोत होतेच. सरकारसाठी सारा गोळा करायचा, त्यातला वाटा ठेवायचा आणि कुळांकडून वर वेठही घ्यायची. अलिबागजवळच्या चरी गावातल्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या पुढारपणाखाली १९३३ पासून जवळजवळ सहा वर्षं खोतांच्या जमिनी कसायचं नाकारलं. पीकच घेतलं नाही. त्या सहा वर्षांत त्या घरांतल्या बायकांनी चूल कशी पेटवली असेल, याचा विचार करा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ साल उजाडलं.

हे मी लिहितेय ते कुणाकडे बोट दाखवायला नाही. दाखवायचंच तर आधी माझ्याकडे. कारण माझं माहेर अशाच एका जुन्या खोतांच्या घरातलं. आता तिथे पडक्या जोत्याशिवाय काही उरलं नाही. पण लहानपणी ओटीवर काचेच्या चौकटीत लावलेली वंशावळ मला चांगली आठवते. झाडासारखी काढलेली. खोडाशी मूळ पुरुष, मग फांद्या, प्रत्येक पानावर एक नाव. सगळी पानं पुरुषांची. माझी पणजी त्या घरात नवव्या वर्षी आली, सतराव्या वर्षी विधवा झाली आणि पुढची साठ वर्षं माजघर आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये तिचं आयुष्य गेलं. पन्नास-पन्नास माणसांचा स्वयंपाक ती सोवळ्यात करायची. तिचं नाव त्या झाडावर नव्हतं. मी एकदा विचारलं होतं, तर घरातले मोठे हसले. म्हणाले, "अगं, बायका का झाडावर चढतात?"

तेव्हा मीही हसले होते. आज हसू येत नाही.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मांडायला हवी. माझ्या पणजीचं दुःख आणि मावशींच्या आईचं दुःख एकाच पारड्यात घालून "आपण बायका सगळ्या सारख्याच" असं म्हणणं सोपं आहे, पण ते खरं नाही. मावशींच्या आईने इकडच्याच एका मोठ्या वाड्याच्या मागच्या अंगणात आयुष्यभर भात सडलं. सकाळी अंधारात जायचं, संध्याकाळी यायचं. मजुरी म्हणून कणी आणि कोंडा. तांदूळ आत जायचा, कणी बाहेर यायची. पाणी प्यायला ओंजळ करून उभं राहायचं, वरून कुणी ओतेल तेव्हा प्यायचं. माझ्या पणजीचं नाव कुठे लिहिलं नाही, पण तिच्या डोक्यावर छप्पर होतं आणि पोटाला अन्न होतं. मावशींच्या आईला नावही नाही आणि पोटभर भातही नाही. आणि कधीकधी ओंजळीत पाणी ओतणारा हात माझ्या पणजीसारख्याच बाईचा असायचा. हे बोलायला जड जातं. पण हे गाळून वाड्याची गोष्ट सांगितली, तर ती अर्धीच राहते.

आता माझी स्वतःची चूक सांगते. आठ-दहा वर्षांपूर्वी एका कार्यक्रमाच्या स्मरणिकेसाठी मी याच वाड्यावर लेख लिहिला होता. मावशींची आई जिथे राबली तोच हा वाडा, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पण ठाऊक करून घ्यायचा प्रयत्नही मी केला नव्हता. कडीपाटाचं छत, सागाचे खांब, चौकातलं वृंदावन, सणाच्या दिवशी उठणाऱ्या पंगती, असं सगळं अगदी रंगवून लिहिलं. "या घरातून कुणी उपाशी गेलं नाही" असंही एक वाक्य ठोकून दिलं. लेखाचं कौतुक झालं. गोव्याहून परतताना मावशी गाडीत बोलता बोलता आईविषयी सांगू लागल्या, वाड्याचं नाव निघालं, आणि मला माझं ते वाक्य आठवलं. कणी-कोंडा घेऊन जाणारी बाई कुणाच्या हिशेबात उपाशी नव्हती?

मावशींना वाचता येत नाही, म्हणून त्यांनी तो लेख वाचलेला नाही. मी मात्र त्यांना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमाला कोन सांगनार? आमाला कोनी इचारलंच न्हाई."

विचारलंच नाही. यातच सगळं आलं. वाड्यांचा इतिहास आपण वाड्यातल्याच माणसांना विचारतो. ते आपल्या आठवणी सांगतात आणि त्या खोट्या नसतात. पुढच्या दारातून दिसतं ते ते सांगतात. मागच्या दारातून काय दिसत होतं, हे मागच्या दाराने येणाऱ्यालाच ठाऊक.

जगात दुसरीकडेही हाच प्रश्न आलेला आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात कापूस, ऊस, तंबाखूच्या मोठमोठ्या मळ्यांचे मालक होते. त्यांची पांढऱ्या खांबांची भव्य घरं आजही पर्यटक बघायला जातात. तिथे लग्नंही लागतात. हे मळे पिकवले ते आफ्रिकेतून आणलेल्या आणि त्यांच्या पोटी जन्मलेल्या गुलामांनी. १८६५ मध्ये तिथली गुलामी कायद्याने संपली. पण पुढची शंभर-सव्वाशे वर्षं त्या घरांतून फिरवताना वाटाडे काय सांगायचे? मालकीणबाईंची चांदीची भांडी आणि पडद्यांचं कापड. राबणाऱ्यांचा उल्लेख झालाच, तर 'नोकर' म्हणून.

अलीकडे हे बदलू लागलं आहे. लुईझियाना राज्यातला व्हिटनी नावाचा जुना मळा २०१४ मध्ये संग्रहालय म्हणून खुला झाला, आणि तिथली सगळी मांडणी गुलामांच्या बाजूने केलेली आहे. त्यांची नावं दगडावर कोरलेली आहेत. अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांचं व्हर्जिनियातलं घर आहे, माँटिसेलो. सगळी माणसं समान आहेत, असं जाहीरनाम्यात लिहिणारे हे गृहस्थ स्वतः शेकडो गुलामांचे मालक होते. त्यांच्या मुलांची आई असलेली सॅली हेमिंग्ज ही त्यांचीच गुलाम. २०१८ मध्ये त्या घरात तिच्याविषयीचं दालन उघडलं गेलं. घर तेच, बाग तीच. फक्त इतकी वर्षं जिचं नाव दबक्या आवाजात घेतलं जायचं, ती आता उजेडात आली.

आणि आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. १९३६ ते १९३८ या काळात तिथल्या सरकारने लेखनिक पाठवून, लहानपणी गुलामीत राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी लिहून घेतल्या. अशा दोन हजार तीनशेहून जास्त मुलाखती आज उपलब्ध आहेत. लिहिणाऱ्यांत बहुतेक गोरे होते, सांगणारे घाबरत होते, काही लपवत होते, हे सगळं मान्य. तरी विचारलं तर गेलं. आणखी दहा वर्षं थांबले असते, तर विचारायला फारसं कुणी उरलंच नसतं. आपल्याकडे लग्नगडीचे दिवस बघितलेली माणसं आता जवळजवळ संपली. त्यांच्या मुली आहेत, आमच्या मावशींसारख्या. त्याही सत्तरी ओलांडून गेल्यात.

यावर दोन आक्षेप हमखास येतात, तेही बघू. पहिला, "आपल्याकडे काही गुलामी नव्हती बाई. उगाच अमेरिकेशी तुलना कशाला?" बरोबर आहे, तुलना तंतोतंत नाही. तिथे माणूस कायद्याने विकता यायचा. इथे माणसाला बांधून ठेवलं ते कर्जाने, जमिनीने आणि जातीने. दोर वेगळे होते. पण सकाळी कामाला जायचं की नाही, हे जिला ठरवता येत नाही, तिला दोराचं नाव काय सांगायचं? आणि हे फार जुनं आहे, असंही समजू नका. वेठबिगार बंद करणारा देशभराचा कायदा १९७६ मध्ये झाला. आपल्यातल्या अनेकजणींचा जन्म तोपर्यंत झालेला होता.

दुसरा आक्षेप, "सगळेच मालक वाईट नव्हते." मान्य. औषधपाणी करणारे, पोरांना शाळेत घालणारे, दुष्काळात कोठार उघडणारे मालकही होते. स्वतः मोठ्या घरात जन्मून लोकांच्या बाजूने उभे राहिलेलेही होते. पण मालक चांगला निघाला हे नशीब झालं. नशिबावर सोडलेलं आयुष्य आणि हक्काचं आयुष्य यात फरक असतो. सासू चांगली मिळाली म्हणून कायद्याची गरज नाही, असं आपण सुनांना म्हणतो का?

आता करायचं काय? वाडे पाडायचे का? मुळीच नाही. कल्याणमध्ये, ठाण्यात एकेक जुना वाडा जातोय आणि तिथे टॉवर उभा राहतोय. वाडा गेला की मालकाची आठवण जाते हे खरं, पण राबणारीचीही जाते. त्या मागच्या अंगणातलं उखळ, विहिरीवरचा दोराने झिजलेला दगड, कोठाराची बुटकी दारं, हाच तर तिच्या आयुष्याचा पुरावा. मालकाची कागदपत्रं कुठेतरी दप्तरात मिळतील. तिचा कागद म्हणजे तो झिजलेला दगडच. म्हणून घरं राहायला हवीत. फक्त दाखवताना पुढचं आणि मागचं, दोन्ही दारं उघडी ठेवायला हवीत.

हे सरकारनेच करावं, असं नाही. आपल्याला जमण्यासारखं पुष्कळ आहे. सहलीला, लग्नाला किंवा शूटिंग बघायला एखाद्या जुन्या वाड्यात गेलात, तर तीन प्रश्न विचारा. पाणी कोण भरत होतं? धान्य कोण सडत-दळत होतं? ती माणसं राहत कुठे होती? उत्तर आलं नाही तरी चालेल. पुढच्या वेळी सांगणारा माहिती काढून ठेवेल. मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना गावी नेता, तेव्हा त्यांना आजीकडून घरातल्या बायकांची नावं लिहून घ्यायला सांगा. माहेरचं नाव, सासरचं नाव, दोन्ही. आणि त्याच वहीत, घरी कामाला येणाऱ्यांची नावंही. 'कामवाली', 'गडी' असं नाही. पूर्ण नाव. बचत गटाच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर दहा मिनिटं एका वयस्क बाईला बोलू द्या. मोबाइलवर आवाज ठेवून घेता येतो, खर्च काही नाही. मात्र तिला आधी विचारा. सांगायचं की नाही, हे तिने ठरवायचं. आयुष्यभर दुसऱ्यांनी ठरवलं, निदान आठवणीवर तरी तिचा हक्क असू द्या.

आमच्या गटाने हे सुरू केलंय. पहिल्या बैठकीत मावशी बोलल्या. पंधराजणी होतो. नेहमी हप्त्याच्या हिशेबावरून कलकल चालते, त्या दिवशी कुणी घड्याळ बघितलं नाही. भात सडताना आई म्हणायची त्या गाण्याची चाल त्यांना आठवली, शब्द मात्र आठवले नाहीत. चाल तेवढी ठेवून घेतली.

मग मी त्या वाड्यावर गेले. आता तिथे घरातली धाकटी सून राहते. मास्तरीण आहे, समजूतदार आहे. वाड्याची माहिती देणारी पाटी लावायचं त्यांच्या मनात आहे आणि मजकूर मीच लिहून द्यावा, असा निरोप आला होता. मी माझ्या जुन्या लेखाबद्दल सांगितलं, मावशींच्या आईबद्दल सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "घरातल्या मोठ्यांना विचारावं लागेल. पण मावशींना एकदा घेऊन या."

घेऊन गेले. मावशी सवयीने वाड्याला वळसा घालून मागच्या अंगणाकडे निघाल्या. सून पुढच्या ओटीवरून धावत खाली आली आणि म्हणाली, "मावशी, इकडून या." मावशी थांबल्या. मागे वळून माझ्याकडे बघितलं. मग म्हणाल्या, "येते. पन आदी उखळ बघून येऊ द्या."

उखळ अजून तिथेच आहे, मातीत अर्धं गाडलेलं. त्यात पावसाचं पाणी साचलं होतं. मावशींनी हाताने ते उपसून टाकलं, पदराने आतली कड पुसली आणि मगच पुढच्या दाराने आत आल्या.

पाटी अजून लागलेली नाही. मोठ्यांचं मत अजून पडायचं आहे. मी मजकूर मात्र लिहून दिलाय. घर बांधणाऱ्या पुरुषाचं नाव पहिल्या ओळीत आहे, ते असायलाच हवं. शेवटच्या ओळीत मावशींच्या आईचं नाव आहे. मधे माझ्या पणजीसारख्या, त्या घरातल्या दोन विधवा बायकांची नावं सुनेने स्वतःहून घातली.

"या घरातून कुणी उपाशी गेलं नाही" हे वाक्य मी काढून टाकलंय.